नाते : इतर

समलिंगी विवाहाच्या याचिकांवरची सुनावणी मे २०२३ मध्ये संपत आली, तेव्हा सॉलिसिटर जनरल तुषार मेहता यांनी सर्वोच्च न्यायालयापुढे राज्यांची मतं ठेवली. केंद्राने राज्यांना पत्रं धाडून मत विचारलं होतं, उत्तरं आली सात राज्यांची. राजस्थान, आंध्र प्रदेश आणि आसाम यांनी विरोध कळवला. उत्तर प्रदेश, मणिपूर, सिक्कीम आणि महाराष्ट्र यांनी कळवलं की या विषयावर सखोल चर्चा व्हायला हवी, एवढ्यात काही सांगता येत नाही.

विरोध करणाऱ्या त्या तीन राज्यांत तेव्हा तीन वेगळ्या पक्षांची सरकारं होती. राजस्थानात काँग्रेस, आंध्रात वायएसआर काँग्रेस, आसामात भाजप. एरवी जयंती-पुण्यतिथीच्या कार्यक्रमावरूनही भांडणारे पक्ष इथे बिनबोभाट एका ओळीत उभे राहिले. पण मला लागलं ते आपलं उत्तर. मुलगी पाहून गेलेले लोक 'घरी विचारून कळवतो' म्हणतात आणि मग त्यांचा फोन येत नाही, तसलं ते उत्तर होतं. नकार द्यायचा तर पुरोगामी नावाला बट्टा लागतो आणि होकार द्यायचा तर मतदारसंघात तोंड कसं दाखवायचं?

आणि हे त्या राज्याचं उत्तर, जिथे र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढत होते. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यांनी सरळ उत्तरं दिली म्हणून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्या प्रश्नांमध्ये समलिंगी संबंधांबद्दलचेही होते. कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. तेव्हापासून २०२३ पर्यंत नव्वदएक वर्षं होतात. चर्चेला एवढा वेळ कमी पडला असेल तर आणखी किती हवा, हे एकदा लेखी मागून घ्यायला पाहिजे होतं.

मी वकील नाही. एका राष्ट्रीयीकृत बँकेत माझी उमर गेली, ठाण्यात. बँकेत काम केलेल्या माणसाला नात्यांकडे बघायची एक वाकडी सवय लागते. लोक लग्नाच्या पत्रिकेत नाती बघतात, आम्ही फॉर्मात बघतो. नामनिर्देशनाच्या फॉर्मात नॉमिनीच्या नावापुढे 'नाते' असा रकाना असतो. पती, पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील हे लोक न विचारता लिहितात. कुणी पेन उचलून थबकलं की आम्ही काउंटरच्या आतून सांगायचो, 'इतर लिहा.' काम पुढे जायचं. त्या 'इतर'मध्ये सांभाळलेले भाचे असायचे, चाळीस वर्षं घरात राबलेल्या बाया असायच्या, दोस्त असायचे. कधी त्याच पत्त्यावर राहणारी, त्याच आडनावाची नसलेली, त्याच वयाची दुसरी बाई असायची. आम्ही विचारत नव्हतो. बँकेला त्यातून काही बिघडत नव्हतं.

आमच्या सोसायटीत अशा दोघी राहतात. त्यांना एक मुलगी आहे, ती एकीला आई म्हणते आणि दुसरीला माई, म्हणून मीही इथे तेच म्हणते. आई दातांची डॉक्टर, माई कॉलेजात गणित शिकवते. मुलगी कायद्याने एकट्या आईची आहे.

हे असं कसं, तर त्यासाठी दत्तकाचे नियम थोडे सांगावे लागतील. आपल्याकडे बाल न्याय कायदा, २०१५ एकट्या माणसाला दत्तक घेऊ देतो. लग्न झालेलं नसो, घटस्फोट झालेला असो, चालतं. एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही, एकट्या बाईला मुलगा-मुलगी दोन्ही मिळू शकतात. त्या माणसाची लैंगिक ओढ कोणाकडे आहे हे कायदा विचारत नाही. पण दोघांनी मिळून घ्यायचं म्हटलं की केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या, म्हणजे 'कारा'च्या २०२२ च्या नियमावलीतला ५(३) हा नियम आडवा येतो. जोडप्याचं किमान दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक नातं हवं. लग्नच करता येत नाही त्यांनी दोन वर्षं आणायची कुठून? त्यामुळे आमच्या या दोघींपैकी एकीने अर्ज केला आणि दुसरी कागदावरून उठून गेली.

एकट्या अर्जदाराला एक जादा कागद जोडावा लागतो. उद्या अर्जदाराचं काही बरंवाईट झालं तर मुलाला सांभाळीन, असं एखाद्या नातेवाइकाचं हमीपत्र. कल्पना चांगली आहे, मुलाचा विचार आहे त्यात. आईच्या भावाने नागपूरहून ते सही करून कुरियरने पाठवलं. भाऊ सज्जन आहे. भाचीला तो दिवाळीत कधी तरी भेटतो. तिला कुठली खोकल्याची बाटली चालते आणि कुठल्या रंगाच्या ताटलीत भात वाढला तर ती जेवत नाही, हे जिला पाठ आहे ती बाई त्याच घरात राहते. तिची सही त्या कागदावर चालली नसती, कारण ती नातेवाईक नाही.

गृहभेटीला दत्तक संस्थेची सामाजिक कार्यकर्ती आली तेव्हा मीही तिथे होते. परिचितांची पत्रं लागतात, त्यातलं एक मी दिलं होतं, म्हणून आईने बोलावून घेतलं होतं. चाळिशीतली बाई, खांद्याला कापडी पिशवी, फाइलला रबर लावलेलं. तिने स्वयंपाकघर पाहिलं, बाल्कनीची जाळी हलवून पाहिली, औषधांचा खण किती उंचीवर आहे ते पाहिलं. आईने माईची ओळख 'माझ्यासोबत राहते' अशी करून दिली. माईने पोहे केले होते. कार्यकर्तीने पोहे खाल्ले, चांगले झालेत म्हणाली, आणि मग माईलाच विचारलं, 'रात्री मूल उठलं तर कोण उठणार?' माई म्हणाली, 'मी. हिची झोप मेल्यासारखी आहे.' कार्यकर्तीने मान हलवली आणि फाइलमध्ये काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते आम्हाला माहीत नाही. तिला कळलं नसेल असं मला वाटत नाही. अहवाल चांगला गेला.

मुलगी घरी आल्यावर सगळं सुरळीत झालं असं नाही. आई हैदराबादला परिषदेला गेलेली असताना मुलीला ताप चढला आणि झटका आला. माईने रिक्षा केली. रुग्णालयात दाखल करण्याच्या कागदावर पालकाची सही हवी होती. तिथल्या मुलाने विचारलं, तुम्ही कोण? माईने 'मावशी' सांगितलं आणि सही केली. वर्गात सिद्धता देताना एक पायरी गाळली तर पोरांना परत लिहायला लावणारी ही बाई, ती खोटं बोलून आली. माय मरो पण मावशी जगो, असं आपण पिढ्यान् पिढ्या म्हणतो. त्या काउंटरवरचा मुलगाही बहुतेक तेच ऐकत वाढला असणार, म्हणून भागलं.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १७ ऑक्टोबर २०२३ ला आला. 'सुप्रियो विरुद्ध भारत सरकार' या नावाने तो ओळखला जातो. लग्न करण्याचा मूलभूत हक्क संविधानात नाही, आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातले 'पुरुष', 'स्त्री' हे शब्द न्यायालयाने बदलून वाचायचे नाहीत, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत होतं. वर्तमानपत्रांनी मथळे त्याचे केले. दत्तकाचा प्रश्न मात्र तीन विरुद्ध दोन असा फुटला होता, आणि मला तोच भाग पुन्हा पुन्हा वाचावासा वाटला.

सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. संजय किशन कौल अल्पमतात होते. सरन्यायाधीशांचं म्हणणं असं की फक्त विवाहित स्त्री-पुरुषच मुलाला स्थैर्य देऊ शकतात याला पुरावा कुठे आहे? सरकारने असा काही पुरावा पुढे ठेवलेला नाही, म्हणून लग्नाची अट घटनाबाह्य. न्या. रवींद्र भट, न्या. हिमा कोहली आणि न्या. नरसिंह यांचं बहुमत दुसरीकडे गेलं. त्यांनीही समलिंगी माणसं चांगले पालक होऊ शकत नाहीत असं म्हटलेलं नाही, उलट तसा अर्थ काढू नका असं सांगितलं. त्यांचा मुद्दा वेगळा होता: जोडपं उद्या मोडलं तर विवाहाच्या कायद्यामुळे मुलाला पोटगी, ताबा, वारसा असं संरक्षण मिळतं, लग्नाशिवाय ते मिळणार नाही. तेव्हा हे काम कायदेमंडळाने करावं.

हा मुद्दा मला गंभीर वाटतो, धर्म-संस्कृतीच्या नावाने जे बोललं जातं त्याहून कितीतरी जास्त. पण तो आमच्या सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर नेऊन बघा. मूल आधीच घरात आहे, सरकारनेच रीतसर दिलेलं आहे. उद्या या दोघींचं बिनसलं आणि माई बॅग भरून निघून गेली, तर कायद्याने तिच्यावर एका रुपयाचंही बंधन नाही. शाळेची फी नाही, दवाखाना नाही, काही नाही. आणि आईला काही झालं तर माईला त्या मुलीवर कसलाच हक्क नाही. आईने मृत्युपत्रात पालक म्हणून तिचं नाव लिहून ठेवलंय, पण कुणी हरकत घेतली तर ते कोर्टात भांडावं लागेल, आणि दरम्यान मूल नागपूरला. म्हणजे जोडपं मोडलं तर मुलाचं काय, ही काळजी खरी असेल तर माईला आजच बांधून घ्यायला हवं. तिला मोकळं सोडून मुलाचं रक्षण कसं होतं, हे मला निकालाची पानं उलटूनही कळलं नाही. राष्ट्रीय बालहक्क आयोगाने याच मुलांच्या हिताचं नाव घेऊन न्यायालयात विरोध केला होता. दिल्लीच्या बालहक्क आयोगाने त्याच हिताचं नाव घेऊन पाठिंबा दिला होता. बालहित म्हणजे काय हे सांगणारी बालकं अर्थातच दोन्हीकडे नव्हती.

दत्तक कुणाचं मानायचं आणि कुणाचं नाही, हा खेळ मराठी माणसाला नवा नाही. शाळेतल्या इतिहासापासून आपण 'दत्तक वारस नामंजूर' हे शब्द ऐकत आलोय. १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्य डलहौसीने त्याच कारणाने खालसा केलं, मग झाशीचं. आणि ज्यांच्या जोरावर आपण पुरोगामी म्हणून मिरवतो ते दोन राजे दत्तकच होते. मालेगावजवळच्या कवळाण्याचा गोपाळ १८७५ मध्ये बडोद्याच्या जमनाबाईंनी दत्तक घेतला, तो सयाजीराव झाला. कागलच्या घाटग्यांचा यशवंत १८८४ मध्ये कोल्हापूरच्या आनंदीबाईंनी घेतला, ते राजर्षी शाहू. दोघींचे नवरे वारलेले होते. दोघींनी एकट्या बाईने मूल मांडीवर घेतलं, आणि धर्मशास्त्राने व इंग्रज सरकारने ते मूल मयत राजाचा मुलगा म्हणून मानलं. मेलेला बाप कागदावर चालत होता. जिवंत, कमावती, रात्री उठणारी दुसरी आई दीडशे वर्षांनंतरही चालत नाही.

आता जरा लांब जाते. लिओ वराडकर यांचं नाव २०१७ मध्ये मराठी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर होतं. मालवण तालुक्यातल्या वराडचा माणूस आयर्लंडचा पंतप्रधान झाला. वडील अशोक वराडकर मुंबईचे डॉक्टर, आई आयरिश. २०१९ च्या डिसेंबरात ते कुटुंबासह वराडला येऊन गेले, गावाने कौतुक केलं. ते समलिंगी आहेत ही बातमी आपल्याकडे तळाच्या परिच्छेदात छापली जायची, 'विशेष म्हणजे' असं म्हणून. मला त्यांच्या कारकिर्दीतला वेगळाच तुकडा महत्त्वाचा वाटतो. २०१० मध्ये आयर्लंडच्या संसदेत समलिंगी जोडप्यांना लग्नाऐवजी कायदेशीर मान्यता देणारा नागरी भागीदारीचा कायदा चर्चेला होता. तरुण खासदार वराडकर तेव्हा बोलले होते की प्रत्येक मुलाला आई आणि वडील असण्याचा हक्क आहे आणि सरकारने होईल तितका तो जपावा. दत्तकाच्या बाबतीत ते पलीकडच्या बाजूचे होते. पाच वर्षांनी, जानेवारी २०१५ मध्ये, आरोग्यमंत्री असताना त्यांनी आपल्या वाढदिवशी रेडिओवर सांगून टाकलं की मी समलिंगी आहे, आणि मग समलिंगी विवाहावरच्या सार्वमताच्या प्रचारात उतरले. माणूस स्वतः त्या घरातला असूनही लग्नापेक्षा मुलाचा प्रश्न त्याला जास्त अवघड वाटला होता. तिथल्या लोकांनाही वाटत होता.

आयर्लंडच्या राजकारण्यांनी हे ओळखलं, ही त्यांची हुशारी. तो देश चर्चच्या शब्दाबाहेर न जाणारा, १९९३ पर्यंत समलिंगी संबंध तिथे गुन्हा होते. त्यांनी घाई केली नाही, आणि नुसता वेळही मागितला नाही. आधी १०० जणांचं घटना संमेलन बसवलं: एक अध्यक्ष, ३३ राजकारणी आणि मतदारांतून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडलेले ६६ साधे नागरिक. २०१३ मध्ये त्यातल्या ७९ टक्क्यांनी समलिंगी विवाहाच्या बाजूने कौल दिला. सखोल चर्चा म्हणतात ती ही. मग सार्वमताच्या तोंडावर, एप्रिल २०१५ मध्ये, मुलांचा कायदा वेगळा मंजूर करून टाकला. तोवर तिथेही आपल्यासारखंच होतं, एकटा माणूस दत्तक घेऊ शकायचा, समलिंगी जोडपं नाही. नव्या कायद्याने ती वाट मोकळी केली. ती कलमं प्रत्यक्षात लागू व्हायला २०१७ उजाडलं ही गोष्ट वेगळी, पण मुद्दा मतपेटीच्या आधी निकालात निघाला होता. विरोधकांनी भिंती भरभरून पोस्टर लावली की मुलाला आई आणि बाबा दोन्ही हवेत. समर्थकांना सांगता आलं, तो कायदा झाला, आता प्रश्न फक्त लग्नाचा आहे. २२ मे २०१५ ला ६२ टक्के लोकांनी होकार दिला, ४३ पैकी ४२ मतदारसंघांनी.

पोर्तुगालने उलटं केलं, आणि त्याचा आपल्या गोव्याशी संबंध आहे. २०१० मध्ये तिथे समलिंगी विवाह कायदेशीर झाला, पण त्याच कायद्यात दत्तक मिळणार नाही असं लिहून घेतलं गेलं. लग्न घ्या, मुलं मागू नका, असा सौदा. जोडीदाराचं मूल दत्तक घेऊ देणारं विधेयक २०१४ मध्ये पडलं. शेवटी पूर्ण हक्काचा कायदा झाला, तर अध्यक्षांनी तो परत पाठवला, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये संसदेने त्यांचा नकार ओलांडून तो मंजूर केला. सहा वर्षं तिथल्या घरांत आमच्या आई-माईसारखंच चाललेलं होतं. गोव्यात मात्र कुटुंबाचा कायदा अजून १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेवर चालतो, जी खुद्द पोर्तुगालने १९६६ मध्ये बदलून टाकली. गोव्यातल्या कितीतरी घरांत एक भाऊ पोर्तुगीज पासपोर्टवाला आणि एक भारतीय. एकाच आईच्या दोन मुलांना लग्नाचे दोन कायदे. समान नागरी कायद्याचं उदाहरण म्हणून गोव्याचं नाव घेणाऱ्या पुढाऱ्यांना हे सांगितलं तर ते विषय बदलतील असा माझा अंदाज आहे.

आपल्याकडे विषय बदलण्याची कला खूप पुढे गेलेली आहे. न्यायालयात सरकार म्हणालं, हा संसदेचा प्रांत आहे. राज्यसभेत भाजपचे सुशीलकुमार मोदी डिसेंबर २०२२ मध्ये म्हणाले होते की एवढा मोठा सामाजिक निर्णय दोन न्यायाधीशांनी बसून घ्यायचा नसतो. बरं, मग संसदेत काय झालं? १ एप्रिल २०२२ ला बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी विशेष विवाह कायद्यात दुरुस्तीचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. खासगी विधेयक शेवटचं मंजूर झालं ते १९७० मध्ये, त्यामुळे त्याचं भवितव्य सांगायला ज्योतिषी नको. लोकसभा विसर्जित झाली, विधेयक गेलं. २०२४ च्या जाहीरनाम्यात काँग्रेसने 'व्यापक सल्लामसलतीनंतर' समलिंगी जोडप्यांच्या नागरी भागीदारीला मान्यता देणारा कायदा आणू म्हटलं. मार्क्सवाद्यांनी जरा स्पष्ट लिहिलं. प्रचारसभेत मात्र यातला एक शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकला नाही. निकालाच्या फेरविचाराच्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या. न्यायालय संसदेकडे बोट दाखवतं, संसद समाजाकडे, आणि समाज म्हणजे कोण, तर ज्याला कुणी विचारलेलं नाही तो.

केंद्राने आपल्या अर्जात या मागणीला शहरी उच्चभ्रूंचं मत म्हटलं होतं. मला हे वाचून भोपाळच्या दोन पोलीस शिपाई बाया आठवल्या. १९८७ मध्ये त्यांनी एकमेकींशी गांधर्व विवाह केला आणि त्यांची नोकरी गेली. बराकीत राहणाऱ्या, शिपायाच्या पगारावरच्या त्या बाया उच्चभ्रू कशा? यवतमाळमध्ये २०१७ च्या डिसेंबरात परदेशात स्थायिक झालेल्या एका तरुणाने आपल्या व्हिएतनामी जोडीदाराशी गावातच लग्न लावलं तेव्हा मात्र बोट दाखवणं सोपं होतं, ग्रीन कार्डवाला ना तो. याचिकाकर्त्यांमध्ये पंजाबातल्या मुक्तसरची एक दलित मुलगीही होती. तिचं नाव वाहिन्यांवरच्या चर्चेत कुणी घेतलं असेल तर माझ्या कानावर आलं नाही.

निकालात सरकारने कबूल केल्याप्रमाणे कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, एप्रिल २०२४ मध्ये. त्यातून ऑगस्ट-सप्टेंबरात मुख्यतः तीन गोष्टी बाहेर आल्या. रेशनकार्डावर जोडीदाराला एकाच घरातला मानावं. आप्त जवळ नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा. आणि समलिंगी जोडप्यांना संयुक्त खातं उघडायला, जोडीदाराला नामनिर्देशित करायला कुठलीही आडकाठी नाही.

पहिल्या दोन गोष्टींचं मोल मी कमी करणार नाही. मृतदेहाचं तर मुळीच नाही. पण तिसरी वाचून मी मोठ्याने हसले. संयुक्त खातं कुणाही दोघांचं निघत होतंच, मी माझ्या हाताने काढून दिलीयत. नामनिर्देशन शेजाऱ्याच्या नावाने करता येतं. जे गिऱ्हाइकाच्या खिशात आधीच आहे तेच काढून त्याच्या हातावर ठेवायचं आणि टाळ्या घ्यायच्या, ही बँकिंगमध्येही जुनी युक्ती आहे. खरी अडचण जिथे आहे तिथे कुणी हात घातला नाही. भविष्य निर्वाह निधीचं घ्या. तिथे कुटुंब असलेल्या माणसाला कुटुंबाबाहेरच्याच्या नावाने नामनिर्देशन करताच येत नाही. आणि दत्तक हा शब्द त्या तिन्ही गोष्टींच्या आसपासही नाही.

मद्रास उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये एका पंचवीस वर्षांच्या मुलीला तिच्या आईवडिलांच्या कैदेतून सोडवताना म्हटलं की कुटुंब बनवायचा लग्न हा एकमेव मार्ग नाही. त्या मुलीची जोडीदारीण तिला सोडवायला धडपडत होती आणि पोलीस तिला पुन्हा घरच्यांच्याच हवाली करून मोकळे झाले होते. लग्नाच्या हक्कावर ज्या बायका फारशा खूश नाहीत, त्यांचंही मला पटतं ते इथे. त्या म्हणतात, आम्हाला मांडव नको, आधी आमच्या जन्मघरापासून वाचवा आणि मग आम्ही निवडलेल्या माणसाला माणूस म्हणून नोंदवा. मी स्वतः लग्नसंस्थेची भक्त नाही, तिच्यापायी बुडालेली खाती पुष्कळ पाहिलीयत. पण राज्याने सगळ्या सोयी एकाच खुंटीला टांगून ठेवल्यावर त्या खुंटीपर्यंत हात पोचू द्या असं म्हणणाऱ्याला प्रतिगामी तरी कसं म्हणायचं?

मुंबई उच्च न्यायालयात २०२५ मध्ये एका समलिंगी जोडप्याने प्राप्तिकराच्या तरतुदीला आव्हान दिलं. नवरा-बायकोने एकमेकांना कितीही रकमेची भेट दिली तरी कर नाही, कारण ते 'नातेवाईक'. परक्याकडून वर्षाला ५० हजारांच्या वर आलं तर ते उत्पन्न धरतात. त्या दोघांचं म्हणणं, आम्हालाही नातेवाईक धरा. न्यायालयाने केंद्राला नोटीस काढली.

ती बातमी आली त्या आठवड्यात आई आणि माई माझ्याकडे मुलीच्या नावाने खातं कसं काढायचं ते विचारायला आल्या. अज्ञान मुलाचं खातं, पालक आई, तिथपर्यंत प्रश्न नव्हता. माईला त्यात दर महिन्याला दहा हजार टाकायचे होते, पुढच्या शिक्षणाला. मी म्हटलं, थांब. कायद्याच्या दृष्टीने तू परकी. वर्षाचे एक लाख वीस हजार होतात, ५० हजारांच्या वर गेलं की सगळी रक्कम मुलीचं उत्पन्न, आणि अज्ञान मुलीचं उत्पन्न आईच्या उत्पन्नात मिळवतात. म्हणजे माईने आपल्या लेकीला दिलेल्या पैशावर आई कर भरणार. माईने कागद ओढून घेतला आणि गणित मांडलं. महिन्याला चार हजार, वर्षाचे ४८ हजार. बाकीचे सहा तिने स्वतःच्याच नावाने वेगळे ठेवायचे आणि मुलीला मृत्युपत्रातून द्यायचे, त्यावर कर नाही. वाढदिवसाला मुलीला सायकल हवी आहे. ती मर्यादेत धरायची का, असं आईने विचारलं. मी कलम काढून वाचलं. जमीन, घर, शेअर, दागिने, चित्रं, सोनं-चांदी हे सगळं 'मालमत्ते'त येतं. सायकल येत नाही.